वाचक विचारतात : चार दिवसांत छापून मिळेल?

प्रश्न : सर, मी कांदाचाळीच्या खर्चावर पीएच.डी. करतेय. ४० शेतकऱ्यांच्या वह्या बघून शोधनिबंध लिहिला. एका नियतकालिकाचा ई-मेल आलाय : पैसे भरा, चार दिवसांत छापतो. भरू का?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नको, ताई. चार दिवसांत तुमचा निबंध कुणी वाचणारच नाही, आणि तुम्हाला तर तो नीट वाचणारा माणूसच हवाय. द्राक्षबागेच्या खर्चावरचा माझा पहिला निबंध परत आला, तेव्हा समासात तो तपासणाऱ्याची एकच ओळ होती : ‘डिपिंग करणाऱ्या घरच्या बायकांची मजुरी कुठे आहे?’ मी पुन्हा ओझरच्या त्या बागेत गेलो. बागाइतदाराच्या वहीत औषधं, डिझेल, सुतळीसुद्धा होती. त्याची आई आणि बायको सकाळी सातपासून मगमधल्या औषधात द्राक्षाचे घड बुडवत, म्हणजेच डिपिंग करत होत्या, त्यांचा मात्र एक आकडा नव्हता. ती मजुरी धरली आणि नफ्याचा तक्ताच उलटला. तुम्हीही चाळ कुणी भरली, सडका कांदा कुणी निवडला ते विचारा. साठवणीत होणारी कांद्याच्या वजनातली घट वेगळी मांडा.

पाठवायचं कुठे? मुंबईच्या भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेचं इंग्रजी नियतकालिक १९४६पासून निघतंय, आधी त्याचे जुने अंक चाळा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५मध्ये बंद केली, तेव्हा ‘आम्ही यादीत आहोत’ यावर भुलू नका. संपादक मंडळातल्या दोघांना थेट विचारा, खरंच तिथे आहात का. वेळ लागेल, कदाचित वर्षही. गाईडना तसं आत्ताच सांगून ठेवा. आणि निष्कर्षांचं मराठी टिपण त्या ४० जणांना नक्की द्या, वह्या त्यांनी उघडून दाखवल्यात.