गोदावरीच्या मुखाचा अभ्यास करणाऱ्या नवख्यास

नांदेडच्या घाटावर गोदावरी पाहत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांच्या मनात नदी एकाच दिशेने वाहते ही समजूत पक्की बसलेली असते; त्रिभुज प्रदेशाचा अभ्यास सुरू करताना आपण ती आधी बाजूला ठेवावी. आंध्र प्रदेशातल्या धवळेश्वरमच्या खाली नदीच्या फाट्यांत बंगालच्या उपसागराची भरती शिरते आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. खारे पाणी जड असल्याने ते पाचरीसारखे तळाने वर सरकते, तर गोडे पाणी त्याच्यावरून समुद्राकडे जाते; म्हणून केवळ पृष्ठभागावरचे पाणी तपासून निष्कर्ष काढू नये, कारण हीच चूक मी सुरुवातीला केली होती. पावसाळ्यातला पूर ही पाचर मुखाकडे ढकलतो आणि उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की ती पुन्हा आत शिरते. पूर आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकाच वेळी आले, तर पाण्याचा निचरा मंदावतो आणि सखल शिवारांत ते तुंबून राहते. त्यामुळे पातळीच्या प्रत्येक नोंदीशेजारी तिथी (ती आपल्या घरी ठाऊक असतेच) आणि भरतीची वेळ अवश्य लिहावी. पातळी सर्वांत उंच होते त्याच क्षणी प्रवाह उलटतो, असेही गृहीत धरू नये. दोन्ही वेळा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात.