वाचक विचारतात : एकाच मंचावर हलगी, हार्मोनियम आणि इलेक्ट्रिक गिटार

अभंग रॉकमध्ये बांधणारे 'अभंग रिपोस्ट', लोकसंगीत आणि रॉक एकत्र वाजवणारे 'स्वरात्मा', मेटलमध्ये ढोल आणणारे 'ब्लडीवुड' अशा स्वतंत्र बँडना आज मोठा श्रोतावर्ग आहे. त्यामुळे गावोगावची मंडळं आणि महाविद्यालयं असे कार्यक्रम ठेवू लागली आहेत. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर एका संध्याकाळी तीन बँड वाजवणार आहेत. वेळेचं गणित कसं बसवावं? (नाशिक)

रात्री १० पासून उलटं मोजत या. उघड्या जागेत १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी असते. शासनाने सवलत दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडले, तर त्यात तडजोड नाही. पहिल्या बँडला ३५ मिनिटं, दुसऱ्याला ४५, शेवटच्याला ६० आणि मधल्या दोन्ही अदलाबदलींना २०-२० मिनिटं धरा. पावणेसातला सुरुवात केली तर शेवटचं गाणं पावणेदहाला संपतं. उरलेली १५ मिनिटं राखीव ठेवा, ती 'आणखी एक गाणं' म्हणून कोणालाही आधी कबूल करू नका.

साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, मात्र उलट्या क्रमाने घ्या. शेवटी वाजवणाऱ्यांचा सगळ्यात आधी, दुपारी २ ते ३.३०. मग दुसऱ्यांचा एक तास आणि त्यानंतर पहिल्यांचा. म्हणजे पहिल्या बँडची वाद्यं आहेत तिथेच राहतात आणि साडेपाचला मंच तयार असतो. स्पीकर, मिक्सर, वायरिंग हे सगळं २ च्या आत चालू झालेलं हवं. साउंडचेकच्या वेळात वायर शोधणं सुरू झालं की संध्याकाळ तिथेच घसरते.

डिजिटल मिक्सरवर प्रत्येक बँडचा सीन, म्हणजे मिक्सरवरची त्याची सगळी मांडणी, सेव्ह करा. पण माइक कुठे होता आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरवरची बटणं कुठे होती, हे मिक्सरला कळत नाही. त्यासाठी मंचावर रंगीत टेपच्या खुणा करा, बँडगणिक वेगळा रंग, आणि ॲम्प्लिफायरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ड्रमचा सांगाडा तुमचा, सगळ्यांना एकच. स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ड्रम), झांजा आणि पायाचं पेडल ज्याचं त्याने आणायचं. हे पत्रात आधीच लिहा. त्याच पत्रात प्रत्येक बँडकडून इनपुट लिस्ट (मिक्सरला जोडायच्या माइक-वाद्यांची यादी) आणि मंचाचा नकाशा किमान दोन आठवडे आधी मागवा. 'आमचे पाच जण आहेत' एवढ्यावर भागत नाही. पाच जणांना कधी ९ चॅनल लागतात, कधी २२.

नाट्यगृह घेणार असाल तर वेगळी अडचण येते. तिथे सत्राप्रमाणे आरक्षण असतं. फक्त रात्रीचं सत्र घेतलंत तर साउंडचेकला वेळच उरत नाही. दुपारचं सत्रही घ्या, किंवा एकच बँड बोलवा.

ड्रम आणि बास सुरू झाले की तबला ऐकूच येत नाही. वाढवला की डग्गा घुमायला लागतो. काय करावं? (सातारा, ध्वनिसंयोजक)

या प्रकारच्या संगीतातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. तबला वाढवून तो सुटत नाही. बाकीचे खाली आणावे लागतात. मंचावरचा आवाज सगळ्यात नाजूक वाद्याच्या मानाने ठरवायचा, हे बँडशी आधीच बोलून घ्या.

डग्गा घुमतो याचं कारण असं : आत हवा आणि वर ताणलेलं कातडं, त्यामुळे तो स्वतःच खालच्या सुरांना दाद देतो. सबवूफर आणि बासचा धक्का फळ्यांमधून, हवेतून त्याच्यापर्यंत येतो, कातडं थरथरतं, माइक ते उचलतो आणि तेच पुन्हा सबमधून बाहेर पडतं. हे चक्र बहुतेक वेळा ८० ते १६० हर्ट्झच्या दरम्यान सापडतं.

आधी जागा बदला. तबलजीला ड्रमपासून दोन-अडीच मीटर दूर आणि सबच्या थेट मागे-वर येणार नाही असं बसवा. चौथऱ्याखाली जाड रबर घाला. मग माइक. दायाँला काठापासून ८-१० सेंटीमीटर वर, चाट आणि शाईच्या मधे रोखलेला. डग्ग्याला ५-८ सेंटीमीटरवर. दायाँवर १२० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर कापणारा फिल्टर, लावा. डग्ग्यावर ५०-६०, कारण त्याखाली फक्त गडगडाट असतो. सबला वेगळा ऑक्स सेंड (मिक्सरमधून निघणारी स्वतंत्र वाट) ठेवा आणि त्यात डग्गा चिमूटभरच सोडा. एवढं करूनही घुमलं, तर नेमकी फ्रीक्वेन्सी शोधून अरुंद पट्ट्यात ३ ते ६ डीबी कापा. पट्टा रुंद झाला की डग्ग्याचा जीवच जातो.

मॉनिटरची, म्हणजे वादकांना मंचावर आवाज ऐकवणाऱ्या तिरप्या स्पीकरची (वेजची), जागा माइकवर ठरते. एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं उचलणारा) माइक बरोब्बर पाठीमागे सगळ्यात बहिरा असतो, तेव्हा वेज समोर सरळ ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरचा आणखी अरुंद भाग उचलणारा) साधारण १२५ अंशांवर बहिरा असतो, तिथे वेज थोडा बाजूला हवा. सरळ ठेवलात तर तोच शिट्टी मारेल. तबलजीच्या वेजमध्ये त्याचा डग्गा देऊ नका. त्याला गळा आणि बास हवा असतो.

तबल्यावर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) अजिबात नको. ड्रमवर तो चालतो, पण इथे डग्ग्याची घसीट अर्ध्यात तुटते. आणि 'इंडियन ओशन'चे असीम चक्रवर्ती वाजवता वाजवता गात, तसा कोणी गाणारा तबलजी असेल, तर तबल्याची पातळी गळ्याचा माइक चालू ठेवूनच ठरवा. अर्धा तबला त्यातूनच येत असतो.

ड्रमर जोरात वाजवत असेल तर काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या, म्हणजे हॉट रॉड्स, द्या. बास डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून, घ्या आणि ॲम्प्लिफायर वादकापुरताच ठेवा.

हार्मोनियम, गिटार आणि कीबोर्ड एकत्र वाजले की सूर खटकतो. चूक कोणाची? (मिरज)

बहुधा कोणाचीच नाही. हार्मोनियमचे सूर मंचावर बदलता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. ट्यूनरवर तिचा ए हा सूर हर्ट्झमध्ये मोजा. ४४२ निघाला तर गिटार, बास आणि कीबोर्डचा मास्टर ट्यून ४४२ करा. लॅपटॉपवरून आधी ध्वनिमुद्रित केलेले ट्रॅक वाजणार असतील तर हे चालत नाही, कारण ते बहुतेक ४४० वर असतात. मग हार्मोनियमच कारागिराकडून आधी लावून आणावी लागते. काळी एकमध्ये गाणं असेल तर गिटारवाला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी चे कॉर्ड धरू शकतो.

दुसरं कारण गंधाराचं. तंबोऱ्यावर तयार झालेला गळा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली लावतो. आलापात कीबोर्डने मेजर कॉर्ड धरून ठेवला की तेच टोचतं. तिथे फक्त षड्ज-पंचम धरा.

तबला एसी आणि दिवे अर्धा तास चालू राहिल्यावरच मिळवा. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. कातड्याची हलगी शेकण्यासाठी मंचामागे मोकळ्यात, पडद्यांपासून लांब जागा द्या आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा.

सगळे अभंगच गाणार आहेत. तुकोबांवर कसला आलाय कॉपीराइट? परवाने लागतील का? (पुणे)

शब्दांवर नाही, चालीवर असू शकतो. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चाल संरक्षित असते. विसाव्या शतकातली गाजलेली चाल घेणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आयोजकाने काढायचा, बँडने नव्हे. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणी लावलीत तर त्याचा परवाना वेगळा. पोलिसांची आणि लाउडस्पीकरची परवानगी लागतेच. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी नाही.

दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं आहे. कानांना त्रास होईल का? (ठाणे)

जरूर न्या, पण स्पीकरजवळ उभं राहू नका. अशा ठिकाणी १५ मिनिटांची सरासरी १०० डीबीच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं आहे. आठ तासांसाठी ८५ डीबी सुरक्षित मानतात आणि दर ३ डीबीला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डीबीला जेमतेम पाव तास. मिक्सरच्या आसपास बसा, आवाजही तिथेच सगळ्यात नीट ऐकू येतो. मुलीला कानांवर बसणारे इअरमफ द्या. फोमचे प्लग मोठ्यांसाठी ठीक : बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत ३० सेकंद धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी खोचले तर उपयोग जवळजवळ शून्य.