नागपुरात पावसाळा संपल्यावर देशी झाडांच्या बागेत काय कामं करावीत, म्हणजे पक्ष्यांना-फुलपाखरांना उपयोग होईल? नवी झाडं आता लावावीत का?

दिवाळीच्या साफसफाईतून बाग वगळा, हे माझं पहिलं उत्तर. नवी झाडं लावायची घाईही नको. ‘फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या ऋतूत, लागवड करा’ हा सल्ला थंड प्रदेशांचा आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस निघून जातो, काळी माती भेगाळायला लागते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पळस, बहावा, मोहा, जे लावायचं ते जून-जुलैत. आता लावलेल्या रोपाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत नेमानं पाणी घालणार असाल, तरच लावा.

साफसफाईबद्दल मी एवढं ठासून का बोलते, तेही सांगते. आमच्या लेआऊटमध्ये घरासमोर एक रिकामा प्लॉट आहे. पावसाळ्यात तिथे तरोटा, आघाडा, गवत कमरेएवढं वाढतं, आणि कोपऱ्यात रुईचं एक जुनं झुडूप होतं. तरोट्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. रुईवर घालतात ती केशरी, पंखांची टोकं काळी-पांढरी असलेली, प्लेन टायगर नावाची. तिची अळी कधी निवांत बसून बघा. अंगावर काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक बाहेर वाहून जाऊ देते आणि मग त्याच पानाचा पुढचा भाग खाते. त्या वर्षी पानांखाली हिरवे कोष लटकले होते, त्यांवर सोनेरी ठिपके.

दिवाळीच्या तोंडावर लेआऊट समितीने प्लॉट ‘साफ’ करायला माणसं लावली. मी धावत गेले. अध्यक्षांना म्हटलं, “काकाजी, यावर कोष आहेत. दोन आठवडे थांबा, फुलपाखरं निघाली की कापा.” ते म्हणाले, “ताई, सणाचे दिवस आहेत, लोकांकडे पाहुणे येतील. आणि या झाडीमुळे डेंग्यू होतो, त्याचं काय?” तासाभरात सगळं जमिनीला टेकलं. रुई मुळासकट गेली. ढीग करून पेटवलासुद्धा. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर बंदी घातली आहे, हेही मी सांगितलं होतं. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या पूजेला आघाडा लागतो, पावसाच्या सुरुवातीला तरोट्याची भाजी आपण आवडीनं खातो, आणि आश्विनात तीच झाडं कचरा ठरतात, हे मला अजून पटलेलं नाही.

डेंग्यूचा डास झाडीत अंडी घालत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्याच दिवशी त्याच रांगेतल्या घरांच्या खिडक्यांवर उन्हाळ्यातले कूलर तसेच होते, टाकीत पावसाचं पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी बोलावून दाखवल्या. “बरं, बघू,” एवढंच उत्तर मिळालं.

आता कामं. गाजर गवत फुलायच्या आधी उपटा. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, काढायची असेल तर थोडी थोडी काढा; परदेशी असली तरी बुलबुल तिची फळं खातात, एकदम काढली तर त्यांना काहीच उरत नाही. तिच्या जागी जुलैत निरगुडी किंवा बोर लावा. वाळलेलं गवत बियांसकट उभं ठेवा, मुनियांचे थवे त्यावरच उतरतात. लिंबू, बेल, कढीपत्त्याची छाटणी करताना फांद्या नीट पाहा, लिंबाळी फुलपाखराचे कोष त्यांनाच चिकटलेले असतात. तरोटा, आघाडा यांचं बी वाळलं की कागदी पाकिटात ठेवा आणि पावसाच्या तोंडावर शिंपडा. लहान झाडांच्या आळ्यात वाळका पाला पसरा, ओल टिकते. आपली खरी पानगळ फेब्रुवारी-मार्चमधली, तेव्हाचा पालाही जाळू नका, साठवा. थोडी जमीन उघडी, न खणता सोडा; काही देशी मधमाश्या मातीत बिळं करतात.

हो, घराच्या दारापासून आणि पायवाटेवरून मात्र गवत कापलेलंच हवं, साप-विंचवाची भीती खोटी नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, घरात लहान मुलं असतील तर रुई कडेला लावा. गाजर गवत हातमोजे घालूनच उपटा. आणि पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी रोज बदला.

तुमच्याकडेही कोणी डेंग्यूचं कारण सांगून विळे घेऊन आलं, तर त्यांना आधी कूलरच्या टाकीपाशी न्या. ऑक्टोबरात ती रिकामी करायची आणि आतून घासायचीच. या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून दिल्यानं भागत नाही.