तार तुटते, तिथेच रेणू सापडतो

सोन्याची तार ताणून तोडायची आणि फटीत अडकलेल्या एकट्या रेणूतून वीज किती वाहते ते मोजायचं, या प्रयोगात पहिल्याच आठवड्यात रेणू दिसला म्हणून नाचू नकोस. मीही नाचलो होतो. तो रेणू नव्हताच, नीट न धुतलेल्या भांड्यातली घाण होती. म्हणून आधी नुसतं द्रावक घालून सोन्याची तार ताणून बघ. बारीक होत होत ती एका अणूवर येते, तेव्हा वाहकता एका क्वांटमजवळ (हे वाहकतेचं निसर्गानंच ठरवलेलं माप), म्हणजे 77.5 मायक्रोसीमेन्सच्या आसपास, क्षणभर थबकते. रोधात सांगायचं तर 12.9 किलोओहम. आलेखावर ही पायरी स्वच्छ उमटत नसेल तर पुढे जाऊच नकोस.

मग तार तुटते, टोकं झटकन मागे सरतात. त्या फटीत रेणू अडकला तर आणखी खाली दुसरी पायरी दिसते, बऱ्याचदा क्वांटमच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्श्यावर. नाही अडकला तर प्रवाह सरळ घसरतो.

टोकांचा आकार दर खेपेला वेगळा, त्यामुळे एका आलेखाला काही किंमत नाही. हजारो वेळा जोड-तोड कर आणि सगळ्यांचा मिळून हिस्टोग्राम, म्हणजे कोणती वाहकता किती वेळा आली याचा स्तंभालेख, काढ, तोही लॉग मापावर (दर टप्प्याला दहापट). देखणे आलेख तेवढे वेचायचा मोह होईल. रिकामेही मोज, बाबा!

सुरुवातीला दोन्ही टोकांना अमाइन (नायट्रोजनचा गट) असलेला रेणू घे. थायॉलची (गंधकाच्या गटाची) सोन्यावर पकड घट्ट, पण ती इतक्या तऱ्हांनी बसते की हिस्टोग्राममधलं शिखर पसरट होतं.

आणि मोजणी चालू असताना दार आपटणाऱ्यांना बाहेर काढ.