रोज काढायचे, पण रोज दाखवायचे नाही

दादर, मुंबई

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या, तुझ्या रोजच्या आयुष्यावरच्या 26 चित्रपट्ट्या (कॉमिक स्ट्रिप) दोनदा पाहिल्या. बहुतेकींमध्ये उठणे, लोकल पकडणे, कॉलेज आणि परतणे अशी चार चौकटींत दिवसाची हजेरी मांडलेली आहे. लक्षात राहिली ती मात्र कुर्ल्याच्या पुलावर उलटलेल्या छत्रीची पट्टी, जिच्यात दिवस नाहीच, जेमतेम एक मिनिट आहे. दिवसातला एवढाच एखादा क्षण निवड. बाकीचा दिवस कागदावर आला नाही तरी काही बिघडत नाही.

माझा मुख्य आग्रह वेगळाच आहे. रोज काढणे आणि रोज दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि इंटरनेटमुळे ती एकच वाटू लागली आहेत. जेम्स कोचाल्का हा अमेरिकी चित्रकार ऑक्टोबर 1998 पासून 2012 च्या अखेरपर्यंत स्वतःच्या आयुष्याची रोजची पट्टी काढत होता. पण ती इंटरनेटवर येऊ लागली 2002 मध्ये, म्हणजे पहिली चार वर्षे त्याचा हात इंटरनेटबाहेरच तयार झाला. आपल्याकडे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी तरुणपणी, 1950 च्या आसपास, ज्या सचित्र रोजनिशा लिहिल्या, त्या पुस्तकरूपाने वाचकांपुढे यायला कित्येक दशके लागली. तुला इतके थांबायला मी सांगणार नाही. तीन आठवड्यांचे अंतर ठेवलेस तरी पुरे. तेवढ्यात राग उतरतो, विनोद खरोखरच विनोद होता की नाही हे कळते, आणि ज्यांना चितारले त्यांना विचारायला सवड मिळते. मी तुझ्या वयाचा असताना चाळीतल्या नळावरचे भांडण दुसऱ्याच दिवशी गणेशोत्सवाच्या फलकावर लावले होते. नाव लिहिले नव्हते, तरी शेजारणीला सगळ्यांनी नाकावरून ओळखले, आणि पुढची दोन वर्षे त्यांच्याकडून आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचे ताट आले नाही.

आता अक्षरांविषयी, कारण तिथे तू घाई करतोस हे उघड दिसते. संवादाचा फुगा आधी काढून त्यात मजकूर कोंबू नकोस. आधी पेन्सिलीने मजकूर लिही आणि मग त्याच्याभोवती फुगा ओढ. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, पायाशी उकार लोंबतात, त्यामुळे इंग्रजी कॉमिक्स पाहून ओळींमधले अंतर ठरवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. फोनच्या पडद्यावर पट्टी आक्रसली की अनुस्वार आधी नाहीसा होतो आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो; तुझ्या नवव्या पट्टीत नेमके हेच झाले आहे, आणि त्यामुळे तुझे बिचारे प्राध्यापक भलतेच काही बोलताना दिसतात. टिंब ठसठशीत दे, वाक्य तोड, आणि काढून झाल्यावर पट्टी फोनवर हात लांब धरून वाचून पाहा. स्कॅन 300 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके, असे कर, फोनने काढलेल्या फोटोत चौकटींच्या कडा वाकतात. पावसाळ्यात लोकलमध्ये काढणार असशील तर पाण्याने न पसरणारी शाई घे.

एखाद्या दिवशी खाडा पडला तर तो पडू दे. मागची तारीख घालून भरपाई करू नकोस. आठवणीतून उभा केलेला मंगळवार आणि त्याच रात्री काढलेला मंगळवार यांतला फरक रेषेतच कळतो, निदान मला तरी कळतो.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा मूळ वही घेऊन ये. चौदाव्या पट्टीत आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून डोळे पुसते आहे. या 26 मध्ये तीच सर्वांत चांगली उतरली आहे, म्हणून ती कुठेही टाकण्याआधी आईच्या हातात दे, आणि ती नको म्हणाली तर वहीतच राहू दे.

कळावे, लोभ असावा.