लेकीच्या नावाचं कार्ड

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यातली, वय ६१. घरची केळीची शेती आहे, मालक गेल्यापासून मुलगा बघतो. लेक-जावई अमेरिकेत, न्यू जर्सीत एडिसनला राहतात. २०२५ च्या उन्हाळ्यात अडीच महिने मी तिकडे होते. जुलैत एका शनिवारी जावईबापूंनी समुद्र दाखवायला अटलांटिक सिटीला नेलं. लेक नातवाला घेऊन बाहेर लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर फिरत राहिली आणि आम्ही दोघं कॅसिनोत गेलो. जावईबापूंनी मला एका मशीनसमोर बसवलं. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला, जुन्या टेलिफोनला असायची तशी गुंडाळीची दोरी लावून, कॅसिनोचं एक कार्ड अडकवलेलं होतं. ते मशीनमध्ये घातलं, शंभराची नोट सरकवली आणि म्हणाले, ‘‘आई, नुसतं बटण दाबत बसा, आपले पॉइंट जमा होतील.’’ पडद्यावर माझ्या लेकीचं नाव उमटलं. मला वाटलं, तिचं कौतुकच करतंय मशीन.

अर्ध्या तासात दिवे लुकलुकायला लागले, मशीन थांबलं. १४८० डॉलर! जावईबापू घाईनं म्हणाले, ‘‘आई, उठा, मी बसतो. विचारलं तर मीच खेळत होतो सांगा.’’ पण तिथल्या बाईंनी आत फोन करून कॅमेऱ्यात बघायला लावलं आणि माझाच पासपोर्ट मागितला. तो एडिसनला बॅगेत. पुढच्या रविवारी परत जावं लागलं. ४४४ डॉलर कापून १०३६ हातात दिले, एक कागद दिला. येताना गाडीत कोणी बोललं नाही.

नंतर एकदा डबा शोधताना स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये त्याच कॅसिनोची सात-आठ पाकिटं सापडली. सगळी लेकीच्या नावाची. दोन रात्री खोली फुकट, ७५ डॉलरचा खेळ फुकट. लेक म्हणते, मी आयुष्यात दोनदा तिथे गेले असेन. ताई, दुसऱ्याचं कार्ड वापरून मी गुन्हा केला का? ते पैसे कोणाचे? आणि ती पाकिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांत शेवटचा, जो तुम्ही धड विचारलाही नाहीत, तोच खरा. पण आधीचे दोन उरकते, म्हणजे जीव थोडा हलका होईल.

तुम्ही गुन्हा केलेला नाही. ज्याचं कार्ड त्यानंच वापरावं, अशी कॅसिनोच्या सभासदत्वाची अट असते. ती मोडली तर ते पॉइंट काढून घेतात, फार तर कार्ड बंद करतात. काही ठिकाणी नवरा-बायकोला खाती जोडूनही देतात. मात्र ‘जावईच खेळत होते’ हे तुमच्या तोंडून वदवून घेतलं गेलं असतं तर कराचा सरकारी कागद खोट्या नावानं निघाला असता. ती गोष्ट साधी नव्हती. तुम्ही पासपोर्ट दिलात, फार चांगलं केलंत.

पैसे तुमचे. तिथला नियम असा की ज्यानं बटण दाबलं तो जिंकला. कार्ड कोणाचं, नोट कोणी घातली, याला किंमत नाही. म्हणून तर कॅमेरा बघितला. त्या वर्षी मशीनवर १२०० डॉलर किंवा त्याहून मोठं बक्षीस लागलं की मशीन आपोआप बंद पडायचं आणि कराचा कागद व्हायचा; २०२६ पासून ही मर्यादा २००० डॉलर झाली आहे. परदेशी पाहुण्याच्या बक्षिसातून ३० टक्के कापतात, तेच तुमचे ४४४. तुम्हाला मिळालेला कागद बहुधा १०४२-एस, म्हणजे परदेशी माणसाचा कर कापल्याचा तिकडचा फॉर्म असेल, तो फेकू नका. तुम्ही इथल्या रहिवासी, त्यामुळे हे उत्पन्न इथल्या रिटर्नमध्येही दाखवायचं आहे. जुगाराच्या कमाईवर आपल्याकडेही सरळ ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर. बाकीचं उत्पन्न करपात्र नसलं तरी यातून सूट नाही, आणि हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. तिकडे कापलेल्या कराची वजावट मिळते, त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सीएला कागद दाखवा, त्याला पुढचं कळेल.

आता पाकिटं.

जावईबापू काहीही म्हणोत, ते कार्ड नुसते पॉइंट जमवण्यासाठी नसतं. कार्ड घातल्यानं मशीन जास्त देत नाही आणि कमीही देत नाही. कोणाचं कार्ड ‘लाभतं’ वगैरे काही नसतं. ते कार्ड म्हणजे कॅसिनोची वही आहे. त्या नावावर किती वेळ, किती पैसे फिरले ते त्यात चढतं. एका दाबाला १ डॉलर आणि तासाला ५०० दाब धरा. ५०० डॉलर फिरले. तुमच्या हातातली नोट शंभराचीच असते, पण थोडं हरत थोडं जिंकत तीच फिरत राहते. मशीन शंभरातले ८ स्वतःकडे ठेवणारं असेल, तर त्या तासाला कॅसिनोनं तुमच्याकडून ४० डॉलरची कमाई धरली. त्या दिवशी तुम्ही १४८० जिंकलात याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. आणि त्या धरलेल्या कमाईतला एक तुकडा फुकट खोली, फुकट जेवण म्हणून परत येतो, जेणेकरून माणूस पुन्हा यावा.

नव्या सभासदालाही एखाद-दुसरं पाकीट येतं, हे खरं. पण दोनदा गेलेल्या बाईच्या नावानं दोन-दोन रात्रींच्या खोल्या अशा ढिगानं येत नसतात. तुमच्या लेकीच्या नावावर कोणीतरी बराच वेळ बसलेलं आहे, असं मला वाटतं.

जावयांवर मी आळ घेत नाही. पॉइंट एकाच जागी जमावेत म्हणून अनेक जोडपी असं करतात. पण दुसऱ्याचं कार्ड वापरायची याहून वाईट कारणंही असतात. स्वतःच्या नावावर किती खेळ झाला ते घरात दिसू नये, हे एक. दुसरं असं की न्यू जर्सीत माणसाला सरकारकडे लिहून देता येतं, ‘मला कॅसिनोत घेऊ नका’, एक वर्ष, पाच वर्षं किंवा कायमचं. असं लिहून दिलेला माणूस आत गेला आणि जिंकला तरी ते पैसे त्याला मिळत नाहीत. तुमच्या जावयांनी तसं काही केलं असतं तर ते स्वतः बसायला पुढे आले नसते, एवढं तुमच्या पत्रावरून दिसतं. राहिलं पहिलं कारण.

आपल्याकडे आखाजीला पत्त्यांचे डाव पडतात. माझ्या माहेरी तर ओट्यावर चादर टाकून सगळ्यांच्या देखत बसायचे. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही, त्यात बैलजोडी गेलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण कोण किती हरला ते संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत व्हायचं आणि त्याची आई, बायको त्याच्या समोर उभी राहायची. इथे हरणारा एक, वहीत नाव दुसऱ्याचं, आणि जिचं नाव तिलाच पत्ता नाही.

याची मला चीड येते आणि त्याला कारण आहे. १९९८ साली माझ्या सख्ख्या भावानं एका पतसंस्थेच्या कर्जाला माझी जामीनदार म्हणून सही घेतली. ‘‘नुसतं नाव लागतं गं, बाकी मी बघतो.’’ जेवणाच्या ताटावरून उठून, खरकटा हात वर धरून मी डाव्या हाताने कागद धरला आणि उजवा धुऊन सही केली. तीन वर्षांनी नोटीस माझ्या शाळेत आली, शिपायानं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दिली. पगारातून चार वर्षं हप्ते गेले. पैशाचं दुःख ओसरलं. पण माझ्या नावावर काय चाललंय ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, ते अजून टोचतं. म्हणून तुमच्या लेकीला हे कळायला हवं, आणि ते तुम्हीच सांगा.

तिला एकच काम करायचं आहे. कार्ड तिच्या नावाचं, म्हणून हिशेब मागायचा हक्क तिचा. कॅसिनोच्या सभासद-काउंटरवर ओळखपत्र दाखवून किंवा खात्यात लॉगिन करून वर्षाचा जिंक-हार हिशेब मागता येतो. तिथे त्याला ‘विन-लॉस स्टेटमेंट’ म्हणतात. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षांचा घ्यावा. कार्ड मशीनमध्ये न घालता झालेला खेळ त्यात येत नाही, म्हणजे खरा आकडा मोठाही असू शकतो. सोबत घरचं बँक खातं आणि क्रेडिट कार्डाची बिलं पाहावीत. मग कॅसिनोचं ते खातं बंद करून टाकावं, पॉइंटचा मोह न धरता. आकडा मोठा निघाला तर भांडणाआधी १-८००-४२६-२५३७ वर फोन करावा; जुगाराच्या सवयीसाठीचा तो मदतीचा नंबर आहे आणि घरच्यांनाही बोलता येतं.

तुम्ही तिला फोन आपल्या संध्याकाळी करा. तेव्हा तिकडे सकाळ असते, जावई ऑफिसला निघून गेलेले असतील. १०३६ डॉलरचं काही काढू नका. ड्रॉवरमधल्या पाकिटांचं विचारा, ‘ती उघडलीस का कधी?’ एवढंच, आणि मग तिला बोलू द्या. जावयांची शंभराची नोट मात्र त्यांना परत पाठवा. ती तुमची नव्हती.