इटालियन लोड टेस्ट रिपोर्टमधल्या 'फ्रेच्चा', 'तेन्सिओने', 'कोल्लाऊदो' या शब्दांना इंग्लिशमध्ये काय लिहायचं?

तुम्ही म्हणताय की स्लॅबच्या लोड टेस्टचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये करायचाय आणि डिक्शनरी 'फ्रेच्चा'चा अर्थ बाण सांगतेय. डिक्शनरी जरा बाजूला ठेवा आणि आधी शब्दापुढच्या आकड्याचं युनिट बघा. फ्रेच्चापुढे मिलिमीटर असतात, म्हणजे वजन ठेवल्यावर स्लॅब किती खाली वाकला ते, डिफ्लेक्शन. 'लूचे' म्हणजे एरवी उजेड, पण पुढे मीटर दिसले की तो स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. सगळ्यात फसवा 'तेन्सिओने', तो टेन्शनसारखा दिसतो म्हणून लोक तसाच उतरवतात, पण पुढे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे ना, मग तो स्ट्रेस, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरचं आतलं बल, मग ते दाबाचं असो की ताणाचं. खऱ्या टेन्शनला, म्हणजे ताणाला, ते 'त्रात्सिओने' म्हणतात. इथे चुकलात तर दाबाखालचं काँक्रीट इंग्लिशमध्ये ताणाखाली जातं आणि वाचणारा इंजिनिअर पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

मी सुरुवातीला 'सोव्राक्कारिको'ला ओव्हरलोड लिहिलं होतं आणि समोरून लगेच विचारणा आली की स्लॅबवर क्षमतेपेक्षा जास्त भार का टाकला, तर तो साधा लाइव्ह लोड, म्हणजे वापरातला माणसं-सामानाचा भार होता, अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

आता युनिटनेही न सुटणारा एक शब्द, 'चेदिमेन्तो'. तोही मिलिमीटरमध्येच येतो. तिथे डायल गेज (हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) कुठे लावला होता ते बघायचं, आधाराखाली असेल तर ते सपोर्टचं सेटलमेंट, म्हणजे आधारच खाली बसणं, आणि ते मधल्या रीडिंगमधून वजा केल्यावरच स्लॅबचं खरं डिफ्लेक्शन मिळतं. भार काढल्यावर जे वाकणं उरतं ते 'फ्रेच्चा रेसिदुआ', रेसिड्युअल डिफ्लेक्शन, याला नीट जपा कारण टेस्टचा निकाल बराचसा यावरच ठरतो.

'कोल्लाऊदो स्तातिको'ला मात्र नुसतं टेस्टिंग लिहू नका. 1971 च्या 1086 नंबरच्या कायद्यापासून ही इटलीतली कायदेशीर पायरी आहे, डिझाइन किंवा बांधकामात हात नसलेला, किमान 10 वर्षं नोंदणी असलेला इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट कागदपत्रं, मटेरियलचे रिपोर्ट, प्रत्यक्ष काम सगळं तपासून सही करतो. लोड टेस्ट म्हणजे 'प्रोवा दी कारिको' हा त्यातला एक भाग. मी स्ट्रक्चरल अ‍ॅक्सेप्टन्स लिहितो आणि पहिल्यांदा आला की कंसात मूळ शब्द ठेवतो.

आणि आकडे! त्यांचा 2,84 म्हणजे आपला 2.84, आणि 1.200 म्हणजे बाराशे. पाण्याच्या पिशव्यांनी भार दिला असेल तर पडताळा सोपा, 40 सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 400 किलो, जवळपास 4 किलोन्यूटन. टेबलमधला भार याच्याशी जुळत नसेल तर पॉइंट-कॉमाची गडबड झालीय का ते आधी बघा, मग पुढे जा.